सेस्त्रिएरेच्या वाटेवर त्या दोघांनी पाठलाग का केला नाही?

सह्यवेडी (पुणे), १ जून २०२५, सकाळी ८.१५

काल रात्री लेकीच्या आग्रहाखातर मी आयुष्यात प्रथमच सायकल शर्यतीचा एक संपूर्ण टप्पा पाहिला. जिरो दि इतालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा विसावा टप्पा, वेरेस ते सेस्त्रिएरे, २०५ किलोमीटर. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाची खिंड ओलांडून शर्यत सेस्त्रिएरेला पोहोचली आणि आज रोममध्ये ती संपणार आहे.

जे पाहिले ते मला समजले तसे लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त करावे. सकाळी मेक्सिकोचा एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे होता. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या ४३ सेकंद मागे होता आणि इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद. फिनेस्त्रेच्या चढावर येट्स पुढे निघून गेला. त्यानंतर देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे पाहत राहिले. खाली उतरल्यावर तर दोघांचा वेग इतका मंदावला की माझी लेक टीव्हीसमोर उभी राहून ओरडू लागली. येट्सने पाच मिनिटांहून अधिक वेळ मिळवला आणि तीन आठवड्यांची शर्यत एका संध्याकाळी फिरली.

माझा प्रश्न साधा आहे. दोघांचेही नुकसान डोळ्यांसमोर होत असताना दोघांपैकी एकानेही जीव तोडून पाठलाग का केला नाही? लेक म्हणते की घाबरले. मला ते पटत नाही, कारण घाबरणारी माणसे तीन आठवडे डोंगरांतून सायकल हाकत नाहीत.

हिशोबनीस, १ जून, सकाळी ९.०२

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ.

प्रमेय, १ जून, सकाळी १०.४०

सह्यवेडीताई, प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. मी शाळेत हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

फिनेस्त्रेचा चढ साडेअठरा किलोमीटरांचा आहे आणि त्याची सरासरी ९.२ टक्के आहे. म्हणजे सायकलपटू सुमारे १,७०० मीटर उंची चढतो. येट्ससारख्या हलक्या खेळाडूचे सायकलीसह वजन ६८ किलो धरले आणि चढायला सुमारे एक तास लागतो असे धरले, तर केवळ उंची गाठण्यासाठी त्याला तासभर सलग ३१५ वॅट शक्ती लावावी लागते. रस्त्याचे घर्षण आणि वारा यांच्यासाठी वर आणखी ४०-५० वॅट लागतात. एक किलो वजन जास्त असेल, तर त्याच शक्तीत तासाभराच्या चढाला सुमारे ५० सेकंद अधिक लागतील. घाटात हडकुळी माणसे का जिंकतात, ते यावरून कळावे.

आता दुसरी बाजू पाहा. या चढावर वेग ताशी १८ किलोमीटरांच्या आसपास असतो. इतक्या कमी वेगाला वाऱ्याचा अडथळा थोडाच असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहून फारसे काही वाचत नाही. ज्याचे पाय चालतात तो जातो. फिनेस्त्रे उतरल्यावर मात्र सेस्त्रिएरेचा चढ लागतो, आणि तो चार टक्क्यांच्या आसपासचा सौम्य चढ आहे. तिथे वेग ताशी तीसपर्यंत पोहोचतो. वाऱ्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अठराच्या जागी तीस झाले की ती सुमारे साडेचारपट होते. अशा रस्त्यावर जो पुढे राहतो तो वारा झेलतो आणि जो मागे राहतो तो पाय राखून ठेवतो. म्हणून ज्या ठिकाणी दोघांनी मिळून काम करायला हवे होते, नेमक्या त्याच ठिकाणी पुढे जाणे दोघांनाही सर्वांत महाग पडत होते.

विदर्भवारा, १ जून, सकाळी ११.२०

प्रमेय सरांचा प्रतिसाद वाचला आणि गणित समजले. परंतु हिशोबनीस यांच्या एका ओळीशी मी असहमत आहे. ती म्हण इथे लावली, तर येट्सवर अन्याय होतो. त्याने काही पडलेले फळ उचलले नाही. कारापाझच्या संघाने चढाच्या पायथ्यालाच वेग इतका वाढवला होता की येट्स आधी मागे पडला होता. तो स्वतःच्या गतीने परत आला, एकदा नव्हे तर वारंवार जोर काढून पाहिला आणि शेवटी सुटला. तोपर्यंत भांडण कसले? तिघेही पूर्ण ताकदीने चढत होते.

घाटरस्ता, १ जून, दुपारी १.३०

मी तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तीन वेळा उतरलो होतो. एकदाही पहिल्या वीसात आलो नाही, पण बोरघाटात जे शिकलो त्यावरून लिहितो.

नव्या वाचकांसाठी सांगतो, त्या शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा किताब मिळतो आणि अनेक सायकलपटूंना तो एकूण विजेतेपदाइतकाच प्रिय असतो. जिरोत यालाच समांतर निळी जर्सी आहे. शिवाय त्या वर्षीच्या सर्वांत उंच घाटमाथ्याला इटलीचे थोर सायकलपटू फाउस्तो कॉप्पी यांच्या स्मरणार्थ ‘चिमा कॉप्पी’ म्हणतात आणि तिथे सर्वाधिक गुण असतात. काल ते स्थान २,१७८ मीटर उंचीच्या फिनेस्त्रेला होते. तिथे पहिला आला तो ऑस्ट्रेलियाचा क्रिस हार्पर, आणि पुढे टप्पाही त्यानेच जिंकला. गुलाबी जर्सीच्या गदारोळात त्याचे नाव कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

खोपोलीहून खंडाळ्याला आपण सुमारे ५०० मीटर चढतो. फिनेस्त्रे म्हणजे असे तीन घाट न थांबता एकावर एक, आणि तेही तीन आठवड्यांच्या शर्यतीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी. शिंगरोबाच्या देवळापाशी माझ्या पायांची जी अवस्था होत असे, तिच्यात मला साधी बेरीज जमत नव्हती. टीव्हीवर कोपऱ्यात सेकंद दिसतात, म्हणून आपल्याला सर्व सोपे वाटते. सायकलीवरच्या माणसाला समोरचा रस्ता, शेजारच्याचा श्वास आणि कानातल्या यंत्रावर संघाच्या गाडीतून येणारा आवाज, एवढेच असते. त्या स्थितीत घेतलेल्या निर्णयाला आपण घरी बसून भीती म्हणू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या लेकीला माझ्यातर्फे एवढे जरूर सांगा.

हिशोबनीस, १ जून, दुपारी २.१०

विदर्भवारा यांचा आक्षेप मान्य आहे. म्हण मी उतारानंतरच्या भागासाठी लिहिली होती, ते स्पष्ट करायला हवे होते.

आता माझा हिशोब मांडतो. कारापाझने विचार केला असणार की जर्सी देल तोरोच्या अंगावर आहे, तेव्हा ती वाचवण्याची जबाबदारीही त्याचीच. मी त्याला ओढत नेले, तर शेवटच्या दोन किलोमीटरांत तो ताजातवाना राहील आणि मी पुन्हा दुसराच ठरेन. देल तोरोने विचार केला असणार की मी येट्सला पकडायला जोर लावला, तर माझ्या मागे आडोसा घेऊन बसलेला कारापाझ शेवटी माझ्यावर तुटून पडेल. प्रत्येकाचा हिशोब वेगळा पाहिला तर चूक नाही. दोन्ही हिशोब एकत्र ठेवले की येट्सला साडेतीन मिनिटांचे दान पडते. बाजारात दोन व्यापारी एकमेकांवरच्या अविश्वासापायी तिसऱ्याला गिऱ्हाईक घालवतात, तसेच हे झाले.

तोरिनोवासी, १ जून, सायंकाळी ६.४५

नोकरीनिमित्त सहा वर्षे तोरिनोत (तुरिन, इटली) राहतो. काल मी त्या चढावर प्रत्यक्ष उभा होतो, म्हणून जे पाहिले ते लिहितो.

पहाटेच्या गाडीने चढाच्या पायथ्याच्या सुझाला उतरलो. रस्ता वाहनांसाठी बंद असतो, त्यामुळे पुढे पायीच जावे लागते. खालचा भाग डांबरी आहे आणि चेस्टनटच्या दाट झाडीतून पाठोपाठ अरुंद वळणे घेत वर जातो. शेवटचे सुमारे आठ किलोमीटर मात्र कच्चा खडीचा रस्ता आहे. उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागच्या जागी फिरते, म्हणून सायकलपटूंना बैठक न सोडता चढावे लागते. लोक आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून होते. खडीवर खडूचे नाव टिकत नाही, म्हणून मुलांनी दगड रचून आवडत्या खेळाडूंची आद्याक्षरे लिहिली होती. शेजारी एक आजी घरून आणलेला पाव आणि चीज ओळख नसलेल्या प्रत्येकाला देत होत्या. दिवेघाटात पालखी चढताना आमच्या गावचे लोक पहाटेपासून कडेला बसतात, त्याची मला फार आठवण झाली. वाट पाहायची सहा तास आणि समोरून जायला काही क्षण, हे दोन्हीकडे सारखेच.

आधी हेलिकॉप्टरचा आवाज दरीतून वर येतो, मग लोक आपोआप शांत होतात. आघाडीवर गेलेला गट तुटक तुटक गेला. नंतर येट्स एकटा आला. तोंड उघडे, खांदे स्थिर, नजर पुढच्या दहा फुटांवर. मी घड्याळाचे बटण दाबले. देल तोरो आणि कारापाझ आले तेव्हा दीड मिनिटाच्या आसपास अंतर झाले होते. त्यांच्यासोबत त्यांच्या संघांतले कोणीही नव्हते, आणि माझ्या मते कालच्या दिवसाची गुरुकिल्ली तिथेच होती. दोघेही एकटे होते, पण येट्स एकटा राहणार नव्हता. त्याच्या संघाचा वाउट व्हान आर्ट सकाळपासून आघाडीच्या गटात होता. फिनेस्त्रेचा उतार संपल्यावर तो येट्सला मिळाला आणि प्रमेय सरांनी सांगितलेल्या त्या सौम्य चढावर त्याच्यासाठी वारा झेलत राहिला.

मी मात्र तिथेच थांबलो, कारण शेवटचा गट पाहिल्याशिवाय मी कधीच उतरत नाही. इटालियन भाषेत त्याला ‘ग्रुपेत्तो’, म्हणजे लहानसा गट, म्हणतात. सपाटीवर जिंकणारे वजनदार खेळाडू घाटात एकत्र जमतात आणि ठरलेल्या कालमर्यादेत पोहोचण्यापुरत्या गतीने चढतात. मर्यादा चुकली तर शर्यतीतून बाद व्हावे लागते. ते आले तेव्हा हेलिकॉप्टर केव्हाच निघून गेले होते, तरी आमच्या वळणावरच्या आजींनी प्रत्येकासाठी तितक्याच जोराने टाळ्या वाजवल्या.

मांडवीकाठ (पणजी), १ जून, सायंकाळी ७.३०

तोरिनोवासी, आपला प्रतिसाद साठवून ठेवला आहे. एक विचारायचे होते, व्हान आर्ट तिथे असणे हा योगायोग होता की आधी आखलेला बेत?

तोरिनोवासी, १ जून, रात्री ८.०५

बेतच म्हणावा लागेल. डोंगराळ टप्प्यात मोठे संघ आपला एक बलवान माणूस सकाळच्या आघाडीत पेरून ठेवतात. त्याचे काम टप्पा जिंकणे हे नसते, तर आपला मुख्य खेळाडू मागून सुटून आला की त्याला पुढच्या सपाट भागात ओढणे हे असते. येट्स सुटला नसता, तर व्हान आर्टची दिवसभराची मेहनत वाया गेली असती आणि आज त्याच्याबद्दल कोणी एक ओळही लिहिली नसती. अवांतर: नवव्या टप्प्यात सिएनाच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर याच व्हान आर्टने देल तोरोला मागे टाकून टप्पा जिंकला होता, आणि त्याच दिवशी देल तोरोच्या अंगावर प्रथम गुलाबी जर्सी चढली होती.

विदर्भवारा, १ जून, रात्री ८.४०

मग माझा राग देल तोरोवर नाही, त्याच्या संघावर आहे. सायमनचा जुळा भाऊ ॲडम येट्स त्याच संघात आहे, रफाल मायका आहे, ब्रँडन मॅकनल्टी आहे. इतकी माणसे असताना जर्सी घातलेला एकवीस वर्षांचा मुलगा घाटमाथ्यावर एकटा कसा राहतो? अकरा दिवस त्याने ती जर्सी सांभाळली, बोर्मिओचा टप्पा जिंकला, आणि ज्या दिवशी त्याला माणसांची सर्वाधिक गरज होती त्या दिवशी शेजारी कोणी नव्हते.

घाटरस्ता, २ जून, सकाळी ७.१०

विदर्भवारा, आपला कळवळा समजतो, पण नऊ टक्क्यांच्या चढावर सहकारी ठरवून सोबत ठेवता येत नाही. कारापाझच्या संघाने पायथ्याला जो वेग लावला, तो हेच सहकारी गळून पडावेत म्हणून लावला होता, आणि तो डाव यशस्वी झाला. स्वतः कारापाझलाही त्याची किंमत मोजावी लागली, कारण त्याचीही माणसे संपली. पायथ्याशी सर्व दारूगोळा उडवला की दरीत उतरल्यावर हात रिकामे राहतात.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. जर्सीधारकाने अशा वेळी कारापाझकडे पाहणेच सोडायला हवे होते. याच डोंगरावर २०१५ मध्ये आल्बेर्तो काँतादोर मागे पडला होता. त्याने आरडाओरडा केला नाही, आपल्याला झेपेल ती गती धरली, दोन मिनिटांहून अधिक वेळ गमावला आणि तरीही जर्सी राखली.

प्रमेय, २ जून, सकाळी ९.२५

घाटरस्ता काका, काँतादोरजवळ गमावण्यासाठी चार मिनिटांहून अधिक शिल्लक होती. देल तोरोजवळ येट्सविरुद्ध ८१ सेकंद होते. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

घाटरस्ता, २ जून, सकाळी ९.५०

हे मान्य. शिल्लक कमी असली की धीर धरणे फार अवघड असते.

मांडवीकाठ (पणजी), २ जून, सकाळी ११.१५

या चर्चेत एक गोष्ट कोणीच लिहिली नाही याचे मला नवल वाटते. याच फिनेस्त्रेवर २०१८ मध्ये सायमन येट्स गुलाबी जर्सीत होता. तेरा दिवस जर्सी, तीन टप्प्यांत विजय, आणि एकोणिसाव्या टप्प्यात याच चढावर तो असा कोलमडला की त्या दिवशी ३८ मिनिटांहून अधिक मागे पडला. क्रिस फ्रूमने त्याच चढावरून शेवटच्या ८० किलोमीटरांत एकट्याने धाव घेऊन ती जिरो जिंकली. मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण मी आणि माझा भाऊ येट्सच्या बाजूने होतो आणि त्याला वळणामागून वळणावर मागे राहताना पाहवत नव्हते.

शिवाय त्या दिवशीचा पाठलागही असाच फसला होता. टॉम ड्युमोलिनच्या गटात पाच जण होते. त्यांतले मिगेल आंहेल लोपेझ आणि कारापाझ तरुण खेळाडूंच्या पांढऱ्या जर्सीसाठी एकमेकांशी झुंजत होते, म्हणून दोघेही पुढे येऊन वारा झेलायला तयार नव्हते. तोच डोंगर, तोच प्रकार, आणि दोन्ही वेळा कारापाझ मागच्या गटात. सह्यवेडीताईंच्या प्रश्नाचे उत्तर या एका दिवसापुरते नाही, असे यावरून वाटते.

हिशोबनीस, २ जून, दुपारी १२.००

मांडवीकाठ, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आहे. २०१८ मला ठाऊक नव्हते. आता परवा येट्स रेषा ओलांडून का रडला, ते समजले.

सह्यवेडी (पुणे), २ जून, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. आज सुट्टी घेऊन लेकीसोबत तो टप्पा पुन्हा पाहिला. या वेळी तिने वही घेतली आणि दर काही किलोमीटरांनी येट्स आणि मागच्या दोघांमधले अंतर लिहून काढले. घाटमाथ्यावर ते दीड मिनिटाहून थोडे अधिक होते. म्हणजे तिथे जर्सी कागदावर येट्सची झाली होती, पण जेमतेम वीसेक सेकंदांनी, आणि वीस सेकंद म्हणजे पुढच्या जवळपास तीस किलोमीटरांत सहज भरून येणारे अंतर. उरलेली साडेतीन मिनिटे उतारावर, दरीत आणि सेस्त्रिएरेच्या सौम्य चढावर गेली. त्यामुळे विदर्भवारा यांचेही बरोबर आहे आणि हिशोबनीस यांचेही: चढावरची मिनिटे येट्सने कमावली आणि पुढची त्याला दिली गेली.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींच्या ध्यानात आधी आलीच नव्हती. येट्सला व्हान आर्ट मिळतो त्या क्षणानंतर मागच्या दोघांचे एकमेकांकडे पाहणे वाढते. बहुधा त्यांना तेव्हाच कळले असावे की आता एकट्याने जोर लावून उपयोग नाही, दोघांनी मिळून लावला तरच काही आशा आहे, आणि मिळून लावण्याइतका विश्वास शिल्लक नव्हता. लेकीने ‘घाबरले’ हा शब्द स्वतःहून खोडला. त्याच्या जागी काय लिहावे, याचा ती अजून विचार करते आहे.

तोरिनोवासी, २०१८ मध्ये येट्स नेमका कुठे मागे पडला होता, ते आपल्याला ठाऊक आहे का? तिला नकाशावर खूण करायची आहे.

तोरिनोवासी, ३ जून, रात्री १२.३५

चढाच्या सुरुवातीच्याच भागात, खडी लागण्याच्या बरेच आधी. सुझाहून वर येताना चेस्टनटच्या झाडीतली ती अरुंद वळणे आहेत ना, तिथेच. परवाही तो सुटला तो खालच्याच डांबरी भागात. दोन्ही खुणा नकाशावर एकमेकींच्या अगदी जवळ येतील, तेव्हा तिला बारीक टोकाची पेन्सिल घ्यायला सांगा.